मेडिकल स्कूलच्या अर्जाआधी बायोकेमिस्ट्री घ्यावी का? घ्यावी, पण कोणत्या सेमिस्टरला ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी न्यू जर्सीतल्या स्टेट युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा दुसरा भाग चालू आहे. तिसरं वर्ष संपताना, जूनमध्ये, मेडिकल स्कूलचे अर्ज भरायचे आहेत आणि एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा त्याआधी एप्रिलच्या शेवटी द्यायची आहे. कॉलेजच्या सल्लागारांनी सांगितलं की बऱ्याच मेडिकल स्कूलना बायोकेमिस्ट्री सक्तीची नाही, चौथ्या वर्षी घेतली तरी चालेल. वडील पुण्यात एमबीबीएस झालेले, त्यांचं म्हणणं असं की हा विषय मेडिकलला गेल्यावर शिकवतातच, आधी कशाला? आणि मुलीला तिसऱ्या वर्षाचं फॉल, म्हणजे डिसेंबरला संपणारं पहिलं सेमिस्टर जरा हलकं हवं आहे, कारण त्यात लॅबसकट फिजिक्स आणि जेनेटिक्स आधीच आहेत.

तुम्ही विचारलंय ‘घ्यावी की नाही’. खरा प्रश्न वेगळा आहे: एमकॅटच्या आधी घ्यायची की नंतर, आणि त्या सेमिस्टरला तिच्याजवळ त्या विषयासाठी पुरेसा वेळ असेल का. ‘सक्तीची आहे का’ हे शोधायला अर्धा तास लागतो. चुकलेल्या सेमिस्टरची किंमत मात्र काही वेळा अख्खं वर्ष असते.

आधी सक्तीचं बघून घेऊ. अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलचे प्रवेशाचे नियम एकसारखे नाहीत. काही ठिकाणी बायोकेमिस्ट्रीचं एक सेमिस्टर सक्तीचं आहे, काही ठिकाणी ‘घेतलेली बरी’ असं लिहिलेलं असतं. काही ठिकाणी ऑरगॅनिकच्या दुसऱ्या भागाऐवजी बायोकेमिस्ट्री चालते, आणि काहींनी ठरावीक विषयांची यादीच काढून टाकली आहे. त्यामुळे ‘बऱ्याच ठिकाणी लागत नाही’ हे वाक्य खरं असलं तरी उपयोगाचं नाही. मुलगी बऱ्याच ठिकाणी अर्ज करणार नाही, ती ठरावीक १५-२० ठिकाणी करणार. त्या १५-२० नावांची यादी करा आणि एएएमसी या अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या एमसार या ऑनलाइन माहितीसंचात एकेक नाव उघडून बघा. त्याची वर्षाची वर्गणी भरावी लागते, ती भरा. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: सक्तीची आहे का, लॅब लागते का, ऑनलाइन कोर्स चालतो का, कम्युनिटी कॉलेजचा चालतो का. डीओच्या, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिनच्या कॉलेजांची माहिती वेगळी मिळते, तीही काढा. माझ्या अनुभवात अशी यादी केली की दोन-चार तरी नावं सक्तीवाली निघतात, आणि तेवढ्यासाठीही विषय घ्यावाच लागतो.

आता वडिलांचा मुद्दा. भारताच्या संदर्भात तो पूर्ण बरोबर आहे. तिथे बारावी सायन्स आणि नीट झाली की एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी ॲनाटॉमी आणि फिजिओलॉजीच्या बरोबरीनं बायोकेमिस्ट्री येते. नीटमध्ये बायोमॉलिक्यूल्सच्या धड्यापलीकडे फारसं विचारत नाहीत. अमेरिकेतही मेडिकलला हा विषय शिकवतात. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की इथे प्रवेश परीक्षाच त्या विषयावर प्रश्न विचारते. एमकॅट २०१५ च्या एप्रिलपासून बदलली तेव्हा बायोकेमिस्ट्री तिच्यात ठळकपणे आली. त्याआधी अर्ज केलेल्यांचा सल्ला म्हणूनच आज लागू पडत नाही. ओळखीतला कोणी ‘मी तर बायोकेम न घेताच गेलो’ म्हणाला, तर कोणत्या साली गेला ते जरूर विचारा.

परीक्षेचा हिशेब असा आहे. एमकॅटचे चार विभाग, एकूण २३० प्रश्न, गुण ४७२ ते ५२८. विज्ञानाच्या प्रत्येक विभागात ५९ प्रश्न आणि ९५ मिनिटं. जीवशास्त्राच्या विभागात सुमारे २५ टक्के भाग पहिल्या सेमिस्टरच्या बायोकेमिस्ट्रीचा आहे. रसायन-भौतिकच्या विभागातही तिचा वाटा तेवढाच, सुमारे २५ टक्के. तिथे ऑरगॅनिकचा वाटा १५ टक्केच आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे दोन विभागांत मिळून तीसेक प्रश्न. ऑरगॅनिकची दोन सेमिस्टर मुलं जीव तोडून करतात, आणि परीक्षेत त्याहून जास्त विचारला जाणारा एका सेमिस्टरचा विषय ‘नंतर बघू’ म्हणून सोडतात. हे गणित मला पटत नाही.

प्रश्न कसे असतात ते जवळून बघितलं तर मुद्दा जास्त पटेल. समजा उताऱ्यात एका एन्झाइमची माहिती आहे. त्याच्या सब्स्ट्रेटवर, म्हणजे ज्या रेणूवर ते काम करतं त्यावर, फॉस्फेटचा गट आहे, आणि एन्झाइमच्या ॲक्टिव्ह साइटमध्ये, म्हणजे तो रेणू बसतो त्या जागी, लायसिन हे अमिनो आम्ल आहे. संशोधकांनी त्या लायसिनच्या जागी ग्लुटामेट हे दुसरं अमिनो आम्ल बसवलं. प्रश्न: केएमचं (सब्स्ट्रेट जितका सैल बसतो तितका हा आकडा मोठा) काय होईल? उताऱ्यात कुठेही ‘लायसिन धन भाराचं असतं’ असं लिहिलेलं नसतं, ते तुम्हाला माहीत आहे असं धरलेलं असतं. शरीराच्या ७.४ पीएचला लायसिन धन, फॉस्फेट ऋण, म्हणून दोघं एकमेकांना धरून होते. ग्लुटामेट ऋण, ते फॉस्फेटला ढकलणार. सब्स्ट्रेट सैल बसणार, म्हणून केएम वाढणार. पुढचा प्रश्न येतो: कोणता बदल केला असता तर एन्झाइमवर सगळ्यात कमी परिणाम झाला असता? आर्जिनिन, कारण तेही धन भाराचं. ज्यानं सेमिस्टरभर हे केलंय त्याला एका प्रश्नाला मिनिटभर पुरतं. ज्यानं वीस अमिनो आम्लं फक्त कार्डांवर पाठ केली आहेत त्याला आधी ती आठवावी लागतात, मग भार, मग बंध, आणि तोवर दोन मिनिटं जातात. ९५ मिनिटांत ५९ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला साधारण दीड मिनिट, आणि त्यातच उतारेही वाचायचे असतात.

रसायन-भौतिकच्या विभागात तोच विषय दुसऱ्या रूपात येतो. हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या बाजूच्या साखळीचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात तो) सुमारे ६.० धरला तर ७.४ पीएचला किती हिस्टिडीन प्रोटॉन धरून असतील? फरक १.४, म्हणजे प्रमाण १० च्या १.४ घाताइतकं, सुमारे २५. पंचवीस बिनप्रोटॉनचे, तेव्हा एक प्रोटॉनवाला. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, पण उत्तर १० आणि १०० च्या मधलं आहे एवढं कळलं तरी पर्याय निवडता येतो. ही पहिल्या वर्षाच्या जनरल केमिस्ट्रीचीच रीत आहे, ती अमिनो आम्लाला लावायची सवय मात्र बायोकेमिस्ट्रीच्या वर्गात लागते.

म्हणून तुमच्या मुलीसाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: बायोकेमिस्ट्री तिसऱ्या वर्षाच्या फॉलला घ्यावी. ऑरगॅनिक मे महिन्यात संपेल, तेव्हा पूर्वअट पुरी होते. डिसेंबरमध्ये बायोकेम संपेल, हिवाळ्याच्या सुट्टीत तो विषय ताजा असतानाच एमकॅटचा अभ्यास सुरू करता येईल आणि एप्रिलच्या शेवटी परीक्षा. निकाल साधारण महिन्याभरानं येतो, म्हणजे अर्ज पाठवायची मुभा मिळते तेव्हाच गुण हातात. शिवाय बायोकेमचा ग्रेड जूनच्या अर्जात दिसेल. चौथ्या वर्षाच्या फॉलला घेतली तर तो ग्रेड डिसेंबरअखेर येतो, आणि तोवर इंटरव्ह्यूची बरीचशी बोलावणी निघून गेलेली असतात.

एप्रिलची परीक्षा आणि स्प्रिंगमध्ये, म्हणजे वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला, बायोकेम ही जोडी मात्र टाळा. मुलांना ती सोयीची वाटते, ‘दोन्ही अभ्यास एकत्र होतील’ म्हणून. होतं असं की वर्गात फेब्रुवारीपर्यंत प्रथिनं आणि एन्झाइम चालतात. ग्लायकोलिसिस मार्चमध्ये, क्रेब्स चक्र आणि इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट एप्रिलमध्ये, फॅटी आम्लं त्याच्याही पुढे. परीक्षा होऊन जाते तेव्हा मेटाबोलिझम (चयापचय) अर्धंच झालेलं असतं, वर मिडटर्म आणि एमकॅटचे सराव पेपर एकाच आठवड्यात येतात. स्प्रिंगलाच घ्यायची वेळ आली तर परीक्षा जूनच्या मध्यावर किंवा शेवटी ढकलावी. अर्ज वेळेत पाठवून ठेवता येतो, गुण जुलैत पोचतात. थोडा उशीर होतो, पण अर्धवट तयारीच्या परीक्षेपेक्षा तो परवडतो. एमकॅट आयुष्यात सातच वेळा देता येते, एका वर्षात तीनदा आणि सलग दोन वर्षांत चारदा. रद्द न केलेली प्रत्येक परीक्षा मेडिकल स्कूलला दिसते.

आता एका अशा अडचणीबद्दल, जी नोंदणी झाल्यावरच लक्षात येते. बायोकेमिस्ट्री नावाचे दोन-तीन वेगवेगळे कोर्स एकाच युनिव्हर्सिटीत असतात. एक असतो एका सेमिस्टरचा आढावा: अमिनो आम्लांपासून मेटाबोलिझमपर्यंत सगळं त्यात बसवलेलं. दुसरा असतो बायोकेमिस्ट्री मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, करणाऱ्यांचा दोन सेमिस्टरचा. त्याच्या पहिल्या भागात रचना, गतिशास्त्र, थर्मोडायनॅमिक्स खोलात जातं आणि मेटाबोलिझम सगळं दुसऱ्या भागात. मुलीनं फॉलला हा दोन भागांतला पहिला घेतला तर ट्रान्सक्रिप्टवर ‘बायोकेमिस्ट्री १’ दिसेल, सक्तीही बहुतेक ठिकाणी पुरी होईल, पण ग्लायकोलिसिस, ग्लुकोनिओजेनेसिस, ग्लायकोजेन, पेंटोज फॉस्फेट मार्ग, बीटा ऑक्सिडेशन, कीटोन बॉडीज हे सगळं एमकॅटच्या अभ्यासक्रमात असूनही शिकवलं गेलेलं नसेल. दुसऱ्या टोकाला नर्सिंग किंवा पोषणशास्त्राच्या मुलांसाठीचा प्राथमिक कोर्स असतो. त्याला ऑरगॅनिकची पूर्वअट नसते, आणि मेडिकल स्कूल तो धरत नाहीत असं बरेचदा होतं. म्हणून कोर्सचं नाव बघून नोंदणी करू नका, मागच्या वर्षीचा सिलॅबस मागवून आठवड्यांचं वेळापत्रक बघा. एका सेमिस्टरच्या आढाव्यात मेटाबोलिझमला निदान पाच-सहा आठवडे दिलेले हवेत. मेजर बायोकेमिस्ट्री नसेल तर तोच घ्यावा असं मी सांगेन. लॅब बहुतेक ठिकाणी लागत नाही, यादीत कुठे लागत असेल तरच घ्यावी.

उन्हाळ्यात सहा ते आठ आठवड्यांत उरकायचा पर्याय तुमच्या डोक्यात आला असेल. चालतो, पण त्या काळात दुसरं काही नसेल तरच. हॉस्पिटलची नोकरी किंवा रिसर्च करत करत हा कोर्स केला की ग्रेड घसरतो, आणि घसरलेला ग्रेड पुसता येत नाही.

ग्रेडचं सांगतो, कारण ‘घ्या’ म्हणताना मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. ॲमकासच्या, म्हणजे मेडिकल स्कूलच्या सामाईक अर्जात जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा वेगळा जीपीए (ग्रेडची ४ पैकी सरासरी) काढतात, आणि बायोकेमिस्ट्री त्यात मोडते. समजा आतापर्यंत या विषयांची ४० क्रेडिट झाली आहेत आणि जीपीए ३.६ आहे. तीन क्रेडिटच्या बायोकेममध्ये ए मिळाला तर तो ३.६३ होतो. सी मिळाला तर ३.४९. वर जायला जागा कमी, खाली यायला जास्त. पुन्हा कोर्स केला तर कॉलेज जुना ग्रेड झाकेल, पण ॲमकास दोन्ही ग्रेड मोजतं. डीओच्या अर्जातही २०१७ पासून तसंच आहे. म्हणून फॉलचं सेमिस्टर खरोखर हलकं करायला हवं, ही मुलीची मागणी रास्त आहे. फक्त काढायचा विषय वेगळा. फिजिक्स काढू नये, कारण रसायन-भौतिकच्या विभागात त्याचाही वाटा २५ टक्के आहे आणि फिजिक्सचा दुसरा भाग स्प्रिंगमध्ये करायचा तर पहिला फॉललाच हवा. जेनेटिक्स पुढे ढकलावं. एमकॅटला लागणारं जेनेटिक्स पहिल्या वर्षाच्या बायोलॉजीत बहुतेक होतं. लॅबसह फिजिक्स, बायोकेम, आणि दोन विषय विज्ञानाबाहेरचे: असं सेमिस्टर पेलतं.

हे सगळं ऑरगॅनिक ठीक चाललंय असं गृहीत धरून लिहिलंय. ऑरगॅनिकच्या दुसऱ्या भागात सी किंवा त्याच्या खाली ग्रेड आला, तर माझं उत्तर बदलतं. तेव्हा मी आधी विचारेन की अडलं कुठे. रिॲक्शन मेकॅनिझममध्ये अडलं असेल तर बायोकेममध्ये त्याचा फार त्रास होत नाही, तिथे कार्बोनिलची रसायनं, आम्ल-अल्कली आणि ऑक्सिडेशन-रिडक्शन एवढं पक्कं लागतं. अभ्यासाला वेळच मिळाला नाही, तब्येत किंवा घरची अडचण होती असं असेल तर मात्र बायोकेमची घाई करू नये. एक वर्ष थांबून, चौथ्या वर्षाच्या फॉलला बायोकेम, मग एमकॅट, आणि पदवीनंतरच्या जूनमध्ये अर्ज. आपल्या घरांमध्ये ‘वर्ष वाया गेलं’ ही भावना फार तीव्र असते, मला ती कळते. पण इथे पदवीनंतर एक-दोन वर्षं काम करून मेडिकलला जाणारी मुलं मुबलक आहेत, आणि त्यांच्याकडे कोणी मागे पडलेली म्हणून बघत नाही.

काही कारणानं एमकॅटच्या आधी कोर्स बसवताच आला नाही, तर स्वतः अभ्यास करून भागतं का? भागतं, शिस्त असेल तर. आठ आठवडे, रोज दीड-दोन तास धरा. पहिला आठवडा फक्त अमिनो आम्लं: वीसही नावं, तीन अक्षरी आणि एक अक्षरी खुणा, भार, पाण्याशी नातं. हे पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसऱ्यात प्रथिनांची रचना आणि ती वेगळी करायच्या पद्धती, म्हणजे जेल, क्रोमॅटोग्राफी, वेस्टर्न ब्लॉट. उताऱ्यांतल्या आकृत्या बहुतेक यांच्याच असतात. तिसरा आठवडा एन्झाइमचा. स्पर्धात्मक (कॉम्पिटिटिव्ह) अडथळ्यात केएम वाढतो पण व्हीमॅक्स, म्हणजे एन्झाइमचा कमाल वेग, तोच राहतो, अस्पर्धात्मक (नॉनकॉम्पिटिटिव्ह) मध्ये व्हीमॅक्स घटतो पण केएम तोच, आणि अनकॉम्पिटिटिव्हमध्ये दोन्ही घटतात. हे नुसतं पाठ न करता लाइनवीव्हर-बर्क या आलेखाच्या रेषा स्वतः काढून बघाव्यात. पुढचे तीन आठवडे ग्लुकोजपासून एटीपीपर्यंतच्या मार्गांचे. सातवा मेदाम्लांचा आणि कीटोन बॉडीजचा. आठव्यात इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन यांचं या सगळ्या मार्गांवरचं नियंत्रण आणि उताऱ्यांचा सराव. एएएमसीची स्वतःची सेक्शन बँक, म्हणजे सरावाचा प्रश्नसंच, शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा, ती आधी संपवली तर परीक्षेच्या तोडीचा सराव उरत नाही.

मार्ग पाठ करताना मुलं एक चूक हमखास करतात. ग्लायकोलिसिसच्या दहाही पायऱ्यांच्या रचना काढत बसतात. कॉलेजच्या परीक्षेत प्राध्यापक ते विचारतील, एमकॅट मात्र नियंत्रणावर बोट ठेवते. ग्लायकोलिसिसच्या फॉस्फोफ्रुक्टोकायनेज-१ या एन्झाइमला एटीपी का थांबवतो, एएमपी का चालना देतो, यकृतात इन्सुलिन वाढलं की फ्रुक्टोज २,६-बायफॉस्फेट का वाढतं. ‘पेशीकडे ऊर्जा भरपूर आहे तर साखर आणखी का फोडायची?’ या एका प्रश्नावरून अर्धे नियम स्वतःच मांडता येतात. म्हणूनच कोर्समध्ये ए मिळाला तरी परीक्षेची तयारी झाली असं धरू नये. कोर्सनं पाया होतो, आलेख आणि उतारे वाचायचा सराव वेगळा करावा लागतो.

अर्जाच्या वेळी बायोकेम बाकी असेल तर ती लपवायची गरज नसते. पुढे घ्यायचा कोर्स म्हणून अर्जात लिहिता येतो, आणि सक्तीचे विषय सहसा प्रवेश घेण्याआधी पूर्ण झाले की चालतात. मात्र लिहिलेला कोर्स नंतर सोडला तर मेडिकल स्कूलला कळवावं लागतं, आणि सक्तीचा कोर्स सोडला तर मिळालेली जागाही जाऊ शकते.

भारतातून बी.फार्म. किंवा बी.एस्सी. करून इथे आलेल्या, आता मेडिकलचा विचार करणाऱ्या काही जणांचाही हाच प्रश्न असतो. त्यांची बायोकेमिस्ट्री झालेली असते, पण भारतातले गुण ॲमकासच्या जीपीएत धरत नाहीत, आणि पुष्कळ मेडिकल स्कूलना हे विषय अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या कॉलेजातूनच हवे असतात. त्यांनी बायोकेमिस्ट्री इथे पुन्हा करावी. वरच्या पातळीचा एक विषय आणि त्यात ए, याचं वजन अशा अर्जात मोठं असतं. जाता जाता: मुलगी एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असेल आणि ग्रीन कार्ड आलेलं नसेल, तर एमसार उघडल्यावर आधी बघा कोणती मेडिकल स्कूल नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांखेरीज इतरांचे अर्ज घेतात. ती यादी खूप लहान होते, आणि बायोकेम कुठे सक्तीची हे त्या लहान यादीपुरतंच बघावं लागतं.

तर आत्ता करायचं ते असं. फॉलची नोंदणी सहसा मार्च-एप्रिलमध्ये उघडते आणि बायोकेमच्या जागा लवकर भरतात, कारण तिसऱ्या वर्षाचे सगळे प्री-मेड, म्हणजे मेडिकलची तयारी करणारी मुलं, त्याच वर्गात येतात. मुलीनं या आठवड्यात केमिस्ट्री विभागाला ईमेल करून एका सेमिस्टरच्या कोर्सचा सिलॅबस मागवावा. ऑरगॅनिकचा दुसरा भाग चालू असताना नोंदणी करता येते का, की ग्रेड लागेपर्यंत थांबावं लागतं, हेही विचारावं. काही ठिकाणी संगणक अडवतो आणि प्राध्यापकांची परवानगी लागते. ती परवानगी आत्ताच मागून ठेवली, तर मे महिन्यात जागेसाठी धावाधाव होणार नाही.